शून्यातून न गेलेली रेघ

फेब्रुवारी अर्धा सरला की नागपुरात एक मधलाच ऋतू येतो. स्वेटर धुऊन दोरीवर पडलेले असतात आणि कूलर अजून माळ्यावरून उतरलेला नसतो. पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं, दुपारी स्कूटरच्या सीटचा चटका बसतो. कडुनिंब पानं गाळत असतात, गल्लीबोळांतून संत्र्यांच्या हातगाड्या फिरत असतात आणि अकरावी-बारावीची मुलं फाईल छातीशी धरून घाईघाईने कुठेतरी निघालेली असतात. ह्या ऋतूला पंचांगात नाव नसेल, पण आमच्या घरात होतं. प्रॅक्टिकलचे दिवस.

बाबा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत. ह्या दिवसांत त्यांच्या शर्टाला लाखेचा आणि पितळेच्या पॉलिशचा वास येई. जेवताना हात आपोआप ताटाच्या कडेवर ताल धरी. काय करता म्हणून आईने विचारलं तर म्हणत, "काही नाही, झोके मोजून राहिलो."

यंदा माझा मुलगा अकरावीला आहे. परवा संध्याकाळी प्रतापनगरातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, तो साध्या लोलकाचा ग्राफ काढत बसला होता. दोऱ्याला पितळेचा गोळा, म्हणजे बॉब, बांधायचा, स्टँडला टांगायचा, हलका झोका द्यायचा आणि एका झोक्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. दोरा लांब केला की वेळ वाढतो. आडव्या रेघेवर लांबी, उभ्या रेघेवर वेळेचा वर्ग, अशी टिंबं मांडत गेलं की ती एका सरळ रेघेत येतात, आणि त्या रेघेच्या चढावरून पृथ्वी किती जोराने खेचते ते काढता येतं. प्रयोग जुनाच, माझ्या वेळेला होता तोच. मुलाने पट्टी ठेवली, जरा वाकडी केली, पुन्हा सरळ केली.

"काय शोधतो आहेस?" मी विचारलं.

"झिरोमधून जात नाहीये, आई. थोडी वरून चाललीये."

त्याने खोडरबर उचललं. मी त्याचा हात धरला. का धरला ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. "खोडू नको," एवढंच म्हणाले, "नवीन कागद आणून देते," आणि पर्स घेऊन धरमपेठेत निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानात ग्राफ पेपर मिळत होते. पण मला थोडं लांब जायचं होतं.

*

मी बाबांच्याच कॉलेजात शिकले. त्याची मला लाज वाटायची, हे पहिल्यांदा सांगून टाकते. बाबा काटोलकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. एम.एस्सी. झाले, पण बोली सोडली नाही. वर्गात सुद्धा "लांबी वाढली का वेळ वाढते. काहून?" असं विचारत. फळ्यावर काहीही लिहिलं की वळून विचारायचेच, काहून? का, असं नाही, काहून. मुलांनी त्यांचं नाव काहून सर पाडलं होतं. धरमपेठेतल्या, घरात नीट पुस्तकी बोलणाऱ्या माझ्या मैत्रिणी ते नाव माझ्यासमोर घेत नसत. त्या घेत नसत, म्हणून मला जास्तच ऐकू येई.

वर्गात प्रज्ञा रामटेके नावाची मुलगी होती. बुटीबोरीहून बसने यायची. तिचे वडील तिथल्या कापडाच्या मिलमध्ये होते. ती पुढच्या बाकावर बसे, कमी बोले आणि वेणी इतकी घट्ट घाली की तिच्याकडे पाहून आपलंच डोकं दुखावं. आमची मैत्री नव्हती, भांडणही नव्हतं.

त्या फेब्रुवारीत आमच्या प्रयोगशाळेला नवीन टेबलं आली होती आणि ती दाखवायला संस्थेचे पदाधिकारी काही पाहुण्यांना घेऊन आले. आम्ही ग्राफ काढत होतो. बाबांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा दिसत होत्या. पाहुण्यांपैकी एकाने बाबांचं "या ना जी, पाहा" ऐकून बाजूच्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मी ते पाहिलं. बाबांनीही पाहिलं असावं. कारण त्यांचा आवाज एकदम चढला, आणि ते टेबलाटेबलापुढे थांबून मुलांना उलटसुलट विचारायला लागले.

प्रज्ञाच्या टेबलाशी ते आले. तिची टिंबं सुरेख एका रेघेत होती. पण रेघ खाली आणली की ती शून्याच्या कोपऱ्यात न जाता उभ्या रेघेला थोडी वरच कापत होती. बाकी आम्हा सगळ्यांच्या रेघा शून्यातून गेल्या होत्या. त्यातल्या किती आपणहून गेल्या आणि किती आम्ही नेल्या, ते आम्हालाच ठाऊक.

बाबांनी तिचा कागद उचलून पाहुण्यांना दिसेल असा धरला.

"दोरा शून्य, तर झोका कुठचा? आणि झोका नाही, तर हा वेळ कुठून आला, मॅडम?"

पाहुणे हसले. वर्गही हसला. हसण्याने बाबांना जोर आला.

"रीडिंग घेतल्या, का बसमध्ये बसून लिहिल्या?"

"घेतल्या, सर," प्रज्ञा म्हणाली.

"मग रेघ इथं कशी?"

"टिंबं जिथे आली तिथेच ठेवली, सर."

"खोटं नको बोलू," बाबा म्हणाले, आणि खिशातला लाल पेन काढून त्यांनी कागदावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली.

प्रज्ञा उभीच होती. ती रडली नाही. कागद घेण्यासाठी तिने हात पुढे केला, पण बाबा तो हातातच ठेवून पाहुण्यांना घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले होते. तो हात थोडा वेळ तसाच राहिला.

त्या वेळी मला काय वाटलं? मला हलकं वाटलं. पाहुणे आता बाबांना हसत नव्हते, बाबांबरोबर हसत होते.

*

दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञा आली नाही. तो आठवडा तसाच गेला. तिची पुढची जागा कुणी घेतली नाही, आणि बाबा हजेरी घेताना तिच्या नावाशी जरा थांबून पुढे जायला लागले.

रविवारी दुपारी जेवून बाबांनी फाईली तपासायला काढल्या. त्यांत तो लाल रेघेचा कागद निघाला. मी शेजारी बसून संत्रं सोलत होते. बाबा कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेन्सिल घेतली, रेघेचा चढ काढला, भागाकार केला आणि उत्तराखाली दोनदा रेघ मारली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"काय?"

"उत्तर. वर्गात इतकं जवळचं कोणाचंच नाही."

मग त्यांनी पट्टी लावून तीच रेघ मागे, शून्याच्या डावीकडे वाढवली, आणि ती आडव्या रेघेला जिथे मिळाली तिथून शून्यापर्यंतचं अंतर मोजलं. इवलंसं होतं. त्यांनी अंगठा आणि बोट तेवढ्या अंतरावर धरून माझ्यापुढे केलं.

"अर्धा बॉब," ते म्हणाले. "तिनं दोरा मोजला, बॉब नाही मोजला. लांबी मोजा लागते ती गोळ्याच्या मध्यापर्यंत. दोरा शून्य झाला तरी अर्धा गोळा लटकतेच. म्हणून रेघ वर चालली. दर वेळेस तेवढीच चूक, म्हणून चढ बरोबर." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "रचून लिहिणाऱ्या पोरीनं शून्यातूनच काढली असती रेघ. मनू, हे तर मी दरवर्षी शिकवतो."

संत्र्याची फोड माझ्या हातात तशीच होती. बाबांचा चेहरा मी इतका उघडा कधी पाहिला नव्हता. मला तो पाहायचा नव्हता.

"चाल," ते उठत म्हणाले. "बुटीबोरीले जाऊ."

"मी कशाला?"

"पोरीच्या घरी चाललो. तू संग असलेली बरी."

*

वर्धा रोडवर तेव्हा मेट्रोचे खांब नव्हते. गिट्टीचे ट्रक जात आणि मागे धुळीचा पडदा ठेवून जात. बाबांच्या पाठीमागे बसून मी सबंध रस्ताभर एकच गोष्ट मनात घोकत होते: कुणी ओळखीचं दिसू नये. सर आपल्या विद्यार्थिनीची माफी मागायला चालले आहेत, आणि मागे त्यांची मुलगी बसली आहे. ज्यांना आपण काहून सर म्हणतो ते आता स्वतःच सांगणार, मला कळलं नाही. हे सोमवारी कॉलेजात पसरलं तर?

घर कामगारांच्या चाळीतलं, दोन खोल्यांचं. दारात तुळस नव्हती की काही थाट नव्हता, पण उंबऱ्यापुढची जमीन सारवून लख्ख होती. आत भिंतीवर हार घातलेल्या दोन तसबिरी, एकीत निळा कोट. प्रज्ञाचे वडील ड्युटीवर गेले होते. तिची आई शिलाईच्या मशीनवर होती. त्यांनी पाय थांबवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी तिचा सर," बाबा म्हणाले.

"ओळखलं," त्या म्हणाल्या. "या. बसा."

बाबा चपला काढून आत गेले. मी दारातच राहिले. आजूबाजूची दोन-तीन माणसं दाराशी येऊन उभी राहिली होती. सर आलेत, हे चाळीत पसरलं होतं. माझे कान तापले होते आणि मी स्कूटरकडे पाहत होते, जणू तिची राखण करायची आहे.

प्रज्ञा आतल्या खोलीतून आली. बाबा तिला पाहून उभे राहिले.

"पोरी, तुझी रेघ बरोबर होती," ते म्हणाले. "मीच खोटा पडलो. मले माफ कर."

मग बाबांनी विचारलं, "तुले माहीत होतं, अर्धा बॉब राहिला म्हणून?"

"घरी आल्यावर लक्षात आलं, सर," ती म्हणाली. "पण तिथेही मला वाटत होतं की टिंबं खोटी नाहीत. काहीतरी कारण असेल."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं नाही, सर."

बाबा खाली बसले. दारातून मला त्यांची मान दिसत होती, मागच्या बाजूने, कॉलरच्या वर लाल झालेली.

मग प्रज्ञाची आई बोलल्या. आवाज जराही न चढवता.

"सर, तुम्ही घरापर्यंत आले, मोठी गोष्ट आहे. कोण येते? पण माही पोरगी खोटी पडली ती चार लोकांत. आता ती खरी हिथं, माह्या खोलीत पडली, तर तिचा काय फायदा? तिले त्याच वर्गात जा लागते."

"बरोबर आहे, बाई," बाबा म्हणाले.

"तुम्हाले जमन का?"

"जमवतो."

ते पुष्कळ वेळ बसले. आतून कपबशांचा आवाज येत होता. बाबा त्यांना मूळ गाव कुठलं, मिल कशी चालते, बस वेळेवर येते का, असं काहीबाही विचारत होते. निघताना प्रज्ञा दारापर्यंत आली. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. मी नजर वळवली, स्कूटरच्या आरशात पाहून केस सारखे केले.

परतताना, खापरीच्या पुढे कुठेतरी, मी बाबांच्या कानाशी म्हणाले, "घरी आलात ना? झालं की. वर्गात नका सांगू. माझ्यासाठी तरी."

बाबांनी स्कूटर बाजूला घेतली आणि बंद केली. ट्रक जात राहिले.

"तुले शरम वाटून राहिली?"

"हो."

"मले पण," ते म्हणाले, आणि किक मारली.

*

सोमवारी त्यांनी तो ग्राफ फळ्याच्या मधोमध चिकटवला, लाल रेघेसकट. प्राचार्यांनी सकाळी त्यांना बोलावून सांगितलं होतं म्हणे, सर, एवढं कशाला, मुलीला परत बोलावलं की पुरे. बाबांनी ऐकलं आणि वर्गावर आले. प्रज्ञा आपल्या जागेवर बसली होती. बाबा टेबलाच्या ह्या बाजूला, आमच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"त्या दिवशी मी हिला खोटं म्हटलं," ते म्हणाले. प्रयत्नपूर्वक पुस्तकी बोलत होते, शब्द मोजून. "तेव्हा पाहुणे होते. मला त्यांच्यासमोर हुशार दिसायचं होतं. हिची टिंबं खरी होती. माझी..." इथे पुस्तकी भाषा संपली. "माही नजर खोटी होती."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मी बाकावरच्या एका खरवडलेल्या अक्षरावर नख फिरवत होते. बाबांनी प्रज्ञाला विचारलं, रेघ वर का गेली ते सांगशील का? ती उठली. खडू घेऊन तिने एक उभा दोरा काढला, खाली गोळा, गोळ्याच्या मध्यावर ठिपका, आणि सांगितलं. तेवढंच, जेवढं सांगायला हवं होतं. बाबा मुलांमध्ये, पहिल्या बाकाच्या कडेवर बसून ऐकत होते. त्यांनी तिला नवा ग्राफ पेपर देऊ केला. ती म्हणाली, "नको सर, हाच फाईलला लावते."

सायकल स्टँडवर पुढे कितीतरी दिवस मुलं एकमेकांचे हात धरून "पोरी, मले माफ कर" म्हणत होती. बुटीबोरीची गोष्ट कुणी सांगितली कोण जाणे. मी घरी येऊन बाबांशी धड बोलत नसे. प्रज्ञा माझ्याशी बोलत नसे. बारावी संपेपर्यंत एकदाही बोलली नाही. मला वाटलं, जिंकली म्हणून चढून गेली आहे.

हे सगळं मी पुढे वर्षानुवर्षं निराळं सांगत आले. नोकरीत, लग्नात, मुलाला: माझे बाबा असे होते, विद्यार्थिनीची सगळ्या वर्गासमोर माफी मागणारे. ऐकणारे भारावत. बाबा गेले तेव्हा शोकसभेतही मी तेच सांगितलं. त्या गोष्टीत मी स्कूटरवर मागे बसलेली एक मुलगी होते. बस, एवढीच.

*

धरमपेठेतल्या दुकानात मी ग्राफ पेपर मागितले तेव्हा बाजूला फाईलींचा गठ्ठा बांधून घेत उभी असलेली बाई वळली.

"तू सरांची ना?" ती म्हणाली.

केस आखूड झाले होते, चष्मा आला होता. प्रज्ञा बुटीबोरीतच एका कारखान्यात मालाची तपासणी बघते. आम्ही बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसलो. बाबा गेल्याचं मी सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी लागली तेव्हा त्यांना पेढे द्यायला गेले होते. खूप खूश झाले. तू तेव्हा पुण्याला होतीस."

मला हे ठाऊक नव्हतं.

धीर करून मी म्हणाले, "तू माझ्याशी कधी बोलली नाहीस, प्रज्ञा."

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"तू आमच्या घरी आली होतीस," ती म्हणाली. "आईनं तुला दारात पाणी आणून दिलं. तू नको म्हणालीस. मग चहा आणला, तोही नको. आत ये म्हटलं, तर आली नाहीस. सरांनी पाणी पण घेतलं, चहा पण घेतला. आई नंतर म्हणाली, सर शिकलेले आहेत, पण पोरीले घरचं वळण आहे."

रसवंतीचं चाक फिरत होतं. मी म्हणाले, "तसं नव्हतं गं. मला बाबांची लाज वाटत होती. फक्त बाबांची."

"असेल," प्रज्ञा म्हणाली. रागाने नाही. "पण आम्हाला ते कसं कळणार?"

खरंच, कसं कळणार. दारात उभी राहिलेली कुणब्याची मुलगी, पुढे केलेला पेला, आणि नकार. ह्यापूर्वी त्यांना मिळालेले सगळे नकार ज्या रेघेत होते, त्याच रेघेत माझाही बसला. आणि मला तर तो पेलाही आठवत नव्हता. आजही आठवत नाही. मी बाबांची मान पाहिली, शेजाऱ्यांचे चेहरे पाहिले, स्कूटर पाहिली. माझ्यासमोर पाणी घेऊन उभी असलेली बाई मला दिसली नव्हती.

"आई आहेत?" मी विचारलं.

"आहे. माझ्याकडेच असते."

मी येऊ का विचारलं. ती म्हणाली, "ये." दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

घर आता मोठं आहे, बुटीबोरीच्या अलीकडेच, गच्चीवर कुंड्या. तिच्या आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. हात थरथरतात, नजर अधू झाली आहे. प्रज्ञाने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "आई, माझी वर्गातली मैत्रीण आहे." सरांची मुलगी म्हणाली नाही. का नाही, ते मी विचारलं नाही. मलाही तोंड उघडून सांगता आलं नाही.

त्यांनी मला बसायला सांगितलं. कुठली, काय करते, पोरं किती, सगळं विचारलं. मग प्रज्ञाकडे वळून, आपला आवाज हळू आहे अशा समजुतीने, म्हणाल्या, "पाणी आण वं. पण आधी विचारून घे तिले, आपल्या हातचं चालते का."

प्रज्ञा माझ्याकडे न पाहता आत गेली आणि पेला घेऊन आली. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तळापर्यंत प्यायले. म्हातारीने डोळे बारीक करून माझ्या घशाकडे पाहिलं.

"अजून आणू का, बाई?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. तहान नव्हती.